स्वच्छ पायांची यादी

"दूध घातलं की उपास मोडला," पाठारेकाका टेबलावर बोट आपटत म्हणाले. "कोरा चहा एक वेळ चालवून घेऊ. दुधाचा चहा म्हणजे जेवणच."

"मग साखरेचं काय?" विल्सन साळवेने विचारलं. तो लग्नांचे फोटो काढायचा आणि त्याला चार चमचे साखर लागायची.

"साखरेवर मतदान घ्या," कुणीतरी म्हणालं.

आमच्या चर्चच्या कमिटीची बैठक चालली होती आणि चहाच्या मुद्द्यावर पाऊण तास झाला होता. पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड शांतवन गोर्डे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर दुधाचा चहा निवत होता आणि तो प्यावा की न प्यावा हे त्या बिचाऱ्यांना कळत नव्हतं. मी सेक्रेटरी. मी इतिवृत्तात लिहून घेतलं, 'कोरा चहा चालेल. साखर ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवण्यात येत आहे.' पाठारेकाकांनी लगेच उभं राहून जाहीर केलं की ते स्वतः कोरा चहाही घेणार नाहीत. सगळ्यांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. मी मात्र त्यांना त्या क्षणापासून पाण्यात पाहायला लागलो.

हा सगळा गोंधळ माझ्यामुळे झाला होता. आज सत्तरी ओलांडल्यावर ते हसत कबूल करता येतं. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, मिशनच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि मला हसू फारसं येत नसे.

झालं होतं असं, की त्या वर्षी बिशपसाहेब पहिल्यांदाच आमच्या तालुक्याच्या गावी येणार होते. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी, संध्याकाळच्या उपासनेत, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ते मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुणार होते. मंडळीत माणसं दोनशे दहा. त्यातले बारा कोण, यावरून लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचे, चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधीच धुसफूस सुरू झाली. म्हणून मी गुणांची पद्धत काढली. रविवारच्या उपासनेला पाच गुण, बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला तीन, दिवसभराच्या उपासाला दोन, बायबलमधल्या पाठ केलेल्या प्रत्येक वचनाला एक. उशिरा आलं की एक वजा. ज्यांचे गुण जास्त, ते बारा जण. आणि ज्याचे सगळ्यांत जास्त, त्याला वेदीजवळची पहिली खुर्ची.

ती खुर्ची मला हवी होती. किती हवी होती ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. शाळेतून घरी येताना मी वाट वाकडी करून चर्चमध्ये जायचो आणि ती रिकामी जागा नुसती बघून यायचो.

"मास्तर," पाळकसाहेब मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "या लेंटमध्ये मी कशावर बोलतोय, लक्षात आलंय ना?"

"आलंय की! माणूस नियम पाळून देवापुढे नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. चारही प्रवचनांची टिपणं काढलीत मी."

"मग?"

"ती प्रवचनं जे लक्ष देऊन ऐकतात त्यांना मी एक गुण जादा देतोय."

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. ते प्रार्थना करत असावेत असं समजून मीही मिटले.

एकदा गुण आले म्हटल्यावर मंडळी नुसती पेटली. बुधवारच्या प्रार्थनेला एरवी सात टाळकी यायची, तिथे उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायला लागला. उपासाला साक्षीदार हवा असा नियम मी केला होता, म्हणून लोक शेजाऱ्यांच्या सह्या आणायचे. आमच्या शेजारचे देशपांडे वैतागून म्हणाले, "मास्तर, तुम्ही जेवला नाहीत याची सही मी रोज करतो, पण मी स्वतः जेवताना तुम्ही समोर बसून बघू नका बुवा." साळवेने वचनं पाठ करायचा सपाटा लावला आणि लग्नात फोटो काढताना नवरानवरीला "हसा" म्हणायच्या ऐवजी तो वचन पुटपुटतो अशी तक्रार आली. कोण कुठे वडापाव खाताना दिसलं याच्या बातम्या माझ्याकडे न मागता पोचू लागल्या. आमच्या मंडळीत इतकी भक्ती आणि इतकी भांडणं मी एकाच वेळी कधी पाहिली नव्हती.

मग मी कलम सात घातलं. बिशपसाहेबांना किळस येऊ नये म्हणून, पायाला जखम, भेगा किंवा खरूज असलेल्यांनी नाव देऊ नये. शिवाय साहेबांचे गुडघे अधू आहेत असं कळल्याने प्रत्येकाचा एकच पाय, उजवा, धुवावा असंही ठरवून टाकलं. कलम सातचा परिणाम असा झाला की बायाबापड्यांसकट सगळी मंडळी पाय घासायला लागली. बाजारपेठेतल्या कटलरीच्या दुकानातल्या वज्र्या संपल्या. दुकानदाराने मला थांबवून विचारलं, "मास्तर, तुमच्यात वज्रीचा काही सण असतो का हो?"

शेवटच्या आठवड्यात मी यादी लावली. एलिया ओहोळ, म्हणजे मी, एकशे अठ्ठेचाळीस गुण. दयानंद पाठारे, एकशे शेहेचाळीस. पुढे आणखी दहा नावं. तेरावा विल्सन साळवे, एका गुणाने गेला. सगुणाबाई खरात यांचं नाव मी आधीच खोडलं होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी चर्चमध्ये खुर्च्या मांडत होतो, तेव्हा सगुणाबाई आल्या. त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, आवाज मात्र वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"मास्तर, माझं नाव खोडलं म्हनं."

"सगुणाबाई, सहांपैकी तीन रविवार तुम्ही गैरहजर."

"ड्यूटी व्हती."

"वचनं किती पाठ?"

"दोन. त्यातलं एक अर्धंच."

"आणि पाय दाखवा बरं."

त्यांनी लुगडं वितभर वर घेतलं. टाचांना अशा भेगा होत्या की नाणं अडकून बसावं. "कलम सात," मी म्हणालो.

"ह्ये कलम कुनी काढलं?"

"कमिटीने," मी म्हणालो. मी खोटं बोलत नव्हतो. कमिटीने हात वर केले होते.

"म्हंजी बिशपसायबाला धुतलेले पाय दावायचे. मंग त्यांनी धुवायचं काय?"

मी हातातली खुर्ची सरळ केली. मग आवाज थोडा मऊ करून विचारलं, "ते तीन रविवार होतात कुठे तुम्ही?"

"येक म्हातारा व्हता वार्डात. त्याला कुनी नव्हतं. दुसरीकडं पळाले की त्यो पोराच्या नावानं हाका मारायचा. मंग बसले त्याच्याजवळ."

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!" मला खरंच आनंद झाला. मी खिशातून पेन काढलं. "रुग्णसेवा! त्याला आपण रविवारचे पाच धरू. तीन रविवारचे पंधरा. भेगांचं काहीतरी बघता येईल, एखादं पोटकलम…"

सगुणाबाई खळखळून हसल्या. "अवो मास्तर, परत मोजायलाच बसले की तुम्ही! मला गुन नकोत. माझे पाय दुखत्यात. समद्या जन्मात दुसऱ्यांची अंगं धुतली, पाय धुतले, मेल्याली मानसं धुतली. माझे कुनी धुतले न्हाईत. वाटलं, येक डाव कुनीतरी धुवावेत. येवढंच."

"वाटलं म्हणून मिळत नसतं, सगुणाबाई. त्यासाठी काहीतरी करावं लागतं."

"तुम्ही काय केलं?"

"अकरा वर्षांत मी एकही रविवार चुकवलेला नाही."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "अण्णा गेले त्या रविवारी बी न्हाई चुकवला. त्यांनी इचारलं, एलिया आला का. दोनदा इचारलं. म्या म्हनलं, त्यांचं वाचन हाय चर्चमधी, झालं की येत्यात."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं त्यांनी सांगितलं, पदराने तोंड पुसलं आणि "येते" म्हणून निघून गेल्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. चार वर्षांपूर्वी ते आजारी पडले, आठवडाभर दवाखान्यात होते. त्या रविवारी सकाळी त्यांचा श्वास वेगळा लागला होता, मला दिसलं होतं ते. पण उपासनेत बायबलचं वाचन माझ्याकडे होतं, आणि तोवर माझे सात वर्षांचे रविवार अखंड होते. मी अण्णांना म्हणालो, "तासाभरात येतो." आलो तेव्हा चादर वरपर्यंत ओढलेली होती. सगळे मला म्हणाले की मास्तर, तुमची श्रद्धा केवढी! मी ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं, कारण ते रविवार जर देवाच्या लेखी मोलाचे नसतील, तर मी बापाला एकटं मरू दिलं होतं, एवढंच उरत होतं. ती पहिली खुर्ची मला म्हणून हवी होती. बिशपांनी माझा पाय हातात घेतला की वरून पावती मिळाल्यासारखं होणार होतं.

घरी जाऊन मी न्हाणीघरात शिरलो आणि वज्रीने पाय घासायला लागलो. करुणा, माझी बायको, बाहेरून दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा तिने दार ढकललं आणि ओरडलीच.

"अहो, काय चालवलंय हे! रक्त येतंय!"

डाव्या टाचेची साल निघाली होती. तिने घाईघाईने माझ्याकडेच असलेल्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीतलं जांभळं औषध आणलं आणि कापूस बुडवून लावलं. घाबरलेल्या बायकोने लावलेलं औषध जखमेपुरतं थोडंच राहणार! टाच, घोटा, बोटं, सगळं वांग्यासारखं जांभळं झालं.

"आता हे निघणार कधी?" मी विचारलं.

"चार-पाच दिवसांनी," ती म्हणाली. "तोवर ईस्टर होईल."

रात्रभर मी कलम सातचा विचार केला. जखम डाव्या पायाला होती. धुवायचा होता उजवा. डावा मोज्यात ठेवला तर कुणाला किळस येण्याचा प्रश्नच नव्हता. कलमाचा हेतू पाळला जात होता. सकाळपर्यंत मी स्वतःला निर्दोष सोडलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी चर्च खच्चून भरलं. बारा खुर्च्या एका रांगेत, वेदीपासून दारापर्यंत. मी पहिल्या खुर्चीत, उजवा पाय उघडा, डावा पाय मोजा-बुटात. शेजारी पाठारेकाका. चाळीस दिवस कोरा चहासुद्धा न घेतल्याने त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. पहिलं गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, आणि पाठारेकाका उभे राहता राहता सरळ माझ्या अंगावर कोसळले. चौघांनी उचलून त्यांना बाहेर नेलं. व्हरांड्यात त्यांना शुद्ध आली आणि त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो "चहा." दूध घालून, असंही ते म्हणाले असं नंतर कळलं.

दुसरी खुर्ची रिकामी झाली. पाळकसाहेब माझ्याकडे वाकले. "मास्तर, लवकर सांगा, यादीत पुढे कोण?"

विल्सन साळवे तिसऱ्या बाकावर अर्धवट उठलाच होता. त्याने पायांना पावडर लावली होती, मला वास येत होता. यादी माझ्या खिशात होती. मी ती काढली, तेराव्या नावावर बोट ठेवलं आणि तोंडातून निघालं, "सगुणाबाई खरात."

"यादीत आहेत त्या?"

"नाहीत."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बेशुद्ध पडणार आहे. मग ते वळले आणि त्यांनी मोठ्याने हाक मारली. सगुणाबाई अगदी मागे, दाराशी उभ्या होत्या. ड्यूटी संपवून धुळीच्या रस्त्याने तशाच चालत आल्या होत्या. त्या पुढे आल्या, खुर्चीत बसल्या, चप्पल काढली आणि मला हळूच म्हणाल्या, "कलम?"

"गप्प बसा हो," मी म्हणालो.

बिशपसाहेब चांगले भरदार होते. त्यांनी झगा वर खोचला, कमरेला पंचा बांधला, घंगाळ घेतलं आणि आम्ही सगळे बघत असताना दाराकडच्या टोकाला जाऊन बाराव्या खुर्चीपासून सुरुवात केली. चाळीस दिवस राबून मी मिळवलेला पहिला नंबर क्षणात शेवटचा झाला.

एकेक पाय धुऊन ते गुडघ्यांवर पुढे सरकत होते. तिसऱ्या खुर्चीतला पाय धुऊन झाला तेव्हा पाळकसाहेबांनी घंगाळातलं पाणी बदलू का म्हणून विचारलं. बिशपांनी घंगाळात पाहिलं.

"बदलायचं कशाला? हे तर पिण्याजोगं आहे," ते म्हणाले. "दहा पाय धुतले, गोर्डे. मातीचा कण नाही. साबणाचा वास मात्र येतोय. मला कशाला बोलावलंत तुम्ही?"

पुढच्या दोन बाकांवर खसखस पिकली. माझे कान तापले.

मग ते सगुणाबाईंसमोर आले. त्यांचा पाय पाण्यात गेला आणि पाणी चहासारखं झालं. बिशपसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी टाचेतली माती अंगठ्याने हळूहळू काढली, बराच वेळ काढली, आणि विचारलं, "दुखतं का बाई?"

"दुखतं की," सगुणाबाई म्हणाल्या. "पर तुम्ही धुवा. बरं वाटतंया." आणि त्यांनी मान मागे टाकून डोळे मिटले. लाजणं नाही, संकोचणं नाही. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट कुणी फुकट हातात ठेवली तर ती कशी घ्यावी, हे मला त्या बाईने दाखवलं. मला त्यांचा हेवा वाटला.

पाणी बदललं. बिशपसाहेब माझ्यापुढे आले. धाप लागली होती, कपाळावर घाम होता. त्यांनी माझा उजवा पाय हातात घेतला. त्यांचे हात गरम होते. पाणी ओतलं, पुसलं. किती पटकन झालं ते! मी वाट पाहिली. छातीत काहीतरी हलकं होईल, कुणीतरी वरून "ठीक आहे" म्हणेल. काहीच झालं नाही. एक स्वच्छ पाय आणखी एकदा स्वच्छ झाला होता.

ते उठण्यासाठी खुर्चीचा आधार शोधत होते, तेवढ्यात मी बोललो. बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं.

"साहेब, माझे वडील गेले तेव्हा मी इथं होतो. ते विचारत होते. मी इथं वाचन करत होतो."

आवाज लहान होता, पण चर्चमध्ये गीत नुकतंच थांबलं होतं. सगुणाबाईंनी डोळे उघडले. बिशपसाहेब उठता उठता परत गुडघ्यांवर बसले. त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं, गुण तर नाहीच. "तुमची चूक नव्हती" असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला पटलं नसतं.

"दुसरा पाय द्या," ते म्हणाले.

"एकच ठरलाय, साहेब."

"कुणी ठरवलं?"

"मीच."

"द्या इकडे."

"त्याला जखम आहे. तो नियमात बसत नाही."

"अहो, माझे गुडघे गेले," बिशपसाहेब कण्हत म्हणाले. "किती वेळ असा बसवून ठेवणार मला? द्या."

मी बूट काढला. मग मोजा काढला. मागून कुणीतरी "अगं बाई!" म्हटल्याचं ऐकू आलं. तो जांभळा, सोललेला, माझ्याच हातांनी खराब केलेला पाय मी सगळ्या मंडळीसमोर पुढे केला आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. पाणी जांभळं झालं, त्यांचा पंचा जांभळा झाला. जखमेला पाणी लागलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं, इतकं झोंबलं. मी पाय मागे घेतला नाही.